पाहुण्याचा हात

दुसऱ्याच्या घरी गेल्यावर कोणत्याही वस्तूला हात लावू नये, असे लहानपणी प्रत्येकाला बजावलेले असते. पाहुण्याने पाहुण्यासारखे राहावे; दाखवलेल्या जागी बसावे, वाढलेले खावे आणि वेळेवर निरोप घ्यावा. ही शिकवण आपल्या अंगी इतकी मुरलेली असते की तिला एक दुसरी बाजूही आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. समजा, पाहुण्याच्या धक्क्याने यजमानाचे पाण्याचे मडके फुटले आणि घरभर पाणी झाले. अशा वेळी ‘मी दुसऱ्याच्या घरात कशालाही हात लावीत नाही’ असे म्हणून तो स्वस्थ बसून राहिला, तर त्याच्या सभ्यतेचे कौतुक कोण करील?

हा साधा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला तो कोणाच्या घरी नव्हे, तर एका निर्जन बेटावर. २०१७ च्या ऑगस्ट महिन्यात, अमेरिकेत मिनेसोटा राज्यात राहणाऱ्या माझ्या भाच्याच्या आग्रहावरून मी त्याच्याबरोबर आईल रॉयल या बेटावर चार दिवस तंबू ठोकून राहिलो. तेथे लांडग्यांविषयी आमचा जो वाद झाला, तो परतल्यावरही माझ्या मनात चालूच राहिला. पुढे काय घडले ते आता आपल्यासमोर आहे, म्हणून तो सगळा विचार वाचकांपुढे मांडावा असे वाटते.

सुपिरिअर हे विस्ताराने जगातील सर्वांत मोठे गोड्या पाण्याचे सरोवर. त्याच्या वायव्य भागात हे बेट लांबट होडीसारखे पडलेले आहे. लांबी सुमारे ७२ किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त १४ किलोमीटर, आणि भोवती चारशेहून अधिक लहान-लहान बेटे. कॅनडाचा आणि मिनेसोटाचा किनारा येथून वीस-बावीस किलोमीटरांवर. तरी राज्यव्यवस्थेच्या दृष्टीने ते दूरच्या मिशिगनमध्ये मोडते. ओजिब्वे लोक त्याला मिनाँग म्हणतात. येशूसंघीय मिशनऱ्यांनी या सरोवराच्या काठाने होड्यांतून फिरून जो नकाशा तयार केला आणि जो १६७२ साली प्रसिद्ध झाला, त्यातही हे बेट मिनाँग याच नावाने दाखवलेले आहे. १९३१ साली अमेरिकेच्या संसदेने येथे राष्ट्रीय उद्यान करण्याचे ठरवले, १९४० साली ते स्थापन झाले आणि १९७६ साली बेटाची जवळजवळ सर्व जमीन ‘अरण्य’ म्हणून कायद्याने राखून ठेवण्यात आली.

या बेटावर मोटारी नाहीत. रस्तेच नाहीत, तर मोटारी कोठून असणार? सायकलसुद्धा नेता येत नाही. सुमारे २६५ किलोमीटरांच्या पायवाटा आणि छत्तीस तळ, जेथे माणसाने आपला तंबू आपल्या पाठीवरून न्यावा आणि पाठीवरूनच परत आणावा. नोव्हेंबरपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत तर उद्यान सर्वांसाठी बंद असते. त्या काळात हिवाळी गणना करणारे मूठभर संशोधक सोडले तर बेटावर माणूस नसतो.

ग्रँड पोर्टेज या किनाऱ्यावरील गावाहून बोटीने सुमारे दोन तासांत आम्ही बेटाच्या पश्चिम टोकाला, विंडिगो येथे उतरलो. धक्क्यावर उद्यानाच्या एका तरुण रक्षिकेने सर्व प्रवाशांना एकत्र करून नियम सांगितले. कचरा मागे ठेवू नये, फांदी तोडू नये, प्राण्यांच्या जवळ जाऊ नये, कोल्ह्यांना खाऊ घालू नये, आणि रात्री बूट तंबूबाहेर ठेवू नयेत, कारण कोल्हे ते पळवतात. येथवर लोक हसत होते. मग ती पाण्याकडे वळली. ओढ्याचे किंवा तळ्याचे पाणी कितीही नितळ दिसले, तरी ते उकळल्याशिवाय किंवा बारीक गाळणीतून गाळल्याशिवाय पिऊ नये. लांडग्याच्या आतड्यात एक पट्टकृमी राहतो. त्याची अंडी विष्ठेतून पाण्यात आणि झाडपाल्यावर जातात, तेथून ती मूसच्या पोटात जातात. मूसच्या फुप्फुसात त्यांच्या गाठी होतात, आणि लांडग्याने मूस खाल्ला की तो कृमी पुन्हा आपल्या घरी पोहोचतो. मधल्या पाण्याचा घोट माणसाने घेतला, तर त्या गाठी माणसाच्या शरीरातही होऊ शकतात.

हे ऐकून मी भाच्याला म्हणालो, “अरे, मग आपण केवळ प्रेक्षक कसले? पाण्याच्या एका घोटाने आपण त्यांच्या पंगतीत जाऊन बसतो.”

“म्हणूनच गाळणी आणली आहे, मामा,” तो शांतपणे म्हणाला.

आमचा तळ ओढ्याकाठी होता. त्या पहिल्या संध्याकाळीच मूसचे दर्शन घडले. मूस म्हणजे हरणांच्या कुळातील सर्वांत मोठा प्राणी. आपले सांबर त्याच्यापुढे वासरू वाटावे. पूर्ण वाढलेला नर साडेचारशे किलोंपर्यंत भरतो. असा एक नर ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभा होता. मान पाण्यात घालून तळाच्या वनस्पती उपटायचा, मान वर काढायचा आणि शिंगांवरून पाणी निथळत असताना सावकाश चघळत राहायचा. अर्धा तास आम्ही जागचे हललो नाही. अंधार पडल्यावर दूरच्या पाण्यावरून लून पक्ष्याची हाक आली. हसणे आणि रडणे यांच्या मधला तो आवाज एकदा ऐकला की विसरता येत नाही. मोटारीचा घरघराट नाही, दिव्यांचा झगमगाट नाही. उद्या आपण नसलो तरी हे असेच चालणार, या जाणिवेने मनाला उभारी आली, आणि थोडी भीतीही वाटली.

पण एक आवाज त्या रात्री आला नाही. लांडग्यांची आरोळी आली नाही. भाचा म्हणाला, “मामा, सबंध बेटावर आता दोनच लांडगे उरले आहेत. बाप आणि मुलगी. शिवाय दोघांची आई एकच. त्यांना आता वंश नाही.”

त्यांची ही स्थिती कशी झाली, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. मूस या बेटावर विसाव्या शतकाच्या आरंभी आले. बहुधा पोहत आले असावेत, काहींच्या मते माणसांनी आणले. खाणारा कोणी नसल्याने ते वाढले आणि उपासमारीने मेले. १९५२ साली काही निसर्गप्रेमींच्या पुढाकाराने डेट्रॉइटच्या प्राणिसंग्रहालयातील चार लांडगे येथे सोडण्यात आले, पण माणसांची सवय असल्याने ते अरण्यात जाण्याऐवजी माणसांच्या वस्तीभोवतीच घुटमळू लागले आणि तो प्रयोग फसला. विशेष म्हणजे त्याच्या आधीच, १९४० नंतरच्या दशकात, रानटी लांडगे आपल्या पायांनी येथे पोहोचले होते. कडाक्याच्या थंडीत सरोवर गोठून किनाऱ्यापासून बेटापर्यंत बर्फाचा पूल तयार होई, त्यावरून ते चालत आले. १९५८ साली ड्युरवर्ड ॲलन या प्राध्यापकांनी या दोन प्राण्यांच्या नात्याचा अभ्यास सुरू केला. रॉल्फ पीटरसन यांनी १९७० पासून तो पुढे नेला आणि नंतर जॉन व्हुसेटिच यांनी. शिकारी आणि शिकार यांच्या नात्याचा जगातील हा सर्वांत दीर्घ सलग अभ्यास मानला जातो.

या अभ्यासाचा मोठा भाग हाडांवर उभा आहे. संशोधक आणि स्वयंसेवक उन्हाळ्यात पायवाटा सोडून झाडीत शिरतात, मेलेल्या मूसचे सांगाडे शोधतात आणि दात, जबडे, खुब्याचे सांधे तपासतात. लांडगा बहुधा वासरे मारतो किंवा वृद्ध प्राणी. कित्येक वृद्धांचे सांधे संधिवाताने झिजलेले असतात, आणि ज्यांना बालपणी पुरेसे खायला मिळाले नव्हते त्यांच्यातच हा विकार अधिक आढळला. बालपणीची उपासमार म्हातारपणी सांध्यांत बोलते आणि लांडग्याला ती ऐकू येते. एखाद्या घराण्याचा इतिहास वाचावा तसा हा मला वाटला.

आता माणसाकडे येऊ. कायद्याच्या भाषेत या बेटावर माणूस केवळ पाहुणा आहे. अमेरिकेच्या १९६४ च्या अरण्य कायद्याने अरण्याची व्याख्याच अशी केली आहे की तेथे माणूस येतो आणि जातो, राहत नाही. परंतु १९८० च्या सुमारास बेटावर कुत्र्यांचा पार्व्हो नावाचा विषाणू आला. बहुधा कोणा हौशी प्रवाशाच्या कुत्र्याबरोबर. १९८० साली पन्नास असलेले लांडगे दोन वर्षांत चौदा झाले. येथे कुत्रा आणण्यास सक्त मनाई आहे. लांडगे घटल्याने मूस वाढत गेले. १९९५ साली ते सुमारे चोवीसशे होते. पुढच्याच वर्षी कडक हिवाळा, गोचिडी आणि अन्नाचा तुटवडा यांनी त्यांतील बहुतेक मेले. पाचशेच्या आसपास उरले.

१९९७ साली एक नर लांडगा बर्फावरून एकटाच आला. त्याने खुंटलेल्या वंशात नवे रक्त आणले. त्याची चौतीस पिले मोजली गेली. पण एकाच पूर्वजावर सगळे घराणे उभे राहिल्याने काही वर्षांनी तोच दोष दुणावला. लांडग्यांच्या पाठीच्या मणक्यांत व्यंगे आढळली. नवा पाहुणा यावा तर बर्फाचा पूल हवा, आणि तो आता क्वचित होतो. साठच्या दशकात बहुतेक हिवाळ्यांत होणारा पूल अलीकडे दहा वर्षांत एखाद-दुसऱ्या वेळी होतो, कारण हवा तापली आहे. २०१४ साली तो झाला, तेव्हा बेटावरची एक तरुण मादी त्यावरून निघून गेली आणि किनाऱ्यावर मरून पडली.

या साखळीतील एक दुवा मला सर्वांत अधिक बोचला. २०१२ साली तीन लांडगे एका जुन्या खाणीच्या पाण्याने भरलेल्या विहिरीत बुडून मेलेले आढळले. एकोणिसाव्या शतकात तांब्याच्या शोधात माणसे येथे आली, खड्डे खणले आणि तांबे परवडेना तेव्हा निघून गेली. शंभर-सव्वाशे वर्षे तो खड्डा वाट पाहत होता. तो खणणाऱ्यांपैकी कोणाच्या मनात लांडग्यांविषयी वैर नव्हते. त्यांनी आपले काम केले आणि ते निघून गेले, एवढेच.

आम्ही तेथे होतो त्या उन्हाळ्यात एक निर्णय लोंबकळत होता. बाहेरून लांडगे आणून येथे सोडावेत की निसर्गावर सोपवून द्यावे? उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी मसुदा प्रसिद्ध करून लोकांचे म्हणणे मागवले होते. त्या वर्षीची गणना सांगत होती: दोन लांडगे, सोळाशे मूस.

माझे मत पहिल्या दिवशी ठाम होते. मी म्हणालो, “अरे, हात लावू नये. माणसाने आजवर ज्याला हात लावला त्याचे काय झाले ते आपण पाहतो. निदान एक जागा तरी अशी असू दे, जेथे आपण नुसते पाहतो. लांडगे संपले तर संपले. शंभर वर्षांपूर्वी ते येथे कोठे होते?”

हा युक्तिवाद दुबळा नाही, आणि तो मांडणारे जाणते लोकही पुष्कळ होते. त्या शतकाच्या आरंभी या बेटावर मूस नव्हते, लांडगे नव्हते; कॅरिबू आणि लिंक्स होते. मग आपण कोणता ‘मूळ’ निसर्ग परत आणणार? बेटांवर प्राणी येतात आणि नाहीसे होतात, हा बेटांचा धर्मच आहे. शिवाय एकदा दुरुस्तीची चटक लागली की माणूस थांबत नाही. आज लांडगे, उद्या मूसची संख्या, परवा झाडांची निवड. अरण्य मग बाग होते, आणि बाग माळ्याच्या आवडीनुसार असते. आणि ज्या लांडग्यांना पिंजऱ्यात घालून, गुंगी देऊन येथे आणायचे, त्यांना कोण विचारणार?

भाच्याने लगेच उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी त्याने मला विंडिगोजवळच्या एका छोट्या पायवाटेवर नेले. तेथे झाडीत उंच जाळीचे एक कुंपण आहे. संशोधकांनी फार पूर्वी जंगलाचा एक तुकडा मूसपासून वेगळा केला, एवढाच त्याचा हेतू. जाळीच्या आत फरची कोवळी झाडे दाट उभी होती. बाहेर त्याच मातीत, त्याच पावसात, गुडघ्याएवढी खुरटी झुडपे होती. दर हिवाळ्यात मूसने शेंडे खाल्लेली. माथ्यावर जुनी, मरणपंथाला लागलेली झाडे आणि खाली त्यांच्या जागी येणारे कोणी नाही. म्हाताऱ्यांचे गाव असावे तसे ते जंगल दिसत होते.

“मामा,” तो म्हणाला, “तुम्ही म्हणता हात लावू नये. पण हात आधीच लागलेला आहे. कुत्रा आपला, खाणीचा खड्डा आपला, आणि बर्फ वितळवणारा धूर तर माझ्या गाडीचासुद्धा आहे. ती गाडी मी काल बोटीच्या धक्क्यापाशी उभी करून आलो. बेटावर गाडी नाही याचा आपल्याला आनंद होतो, पण तिचा धूर येथे पोहोचलाच आहे. मग आता हात मागे घेऊन आपण निष्पाप कसे ठरतो?”

मी गप्प राहिलो. मडक्याची गोष्ट मला त्या जाळीपाशी उभा असताना सुचली.

काही न करणे म्हणजे काही न केल्यासारखे, असे आपण समजतो. कर्तव्यच्युती हेही पाप आहे, हे आपण दर रविवारी मिस्साच्या आरंभी कबूल करतो. पण झाडाझुडपांच्या आणि जनावरांच्या बाबतीत ते आपल्या ध्यानी येत नाही. अलिप्तता ही निष्पापाची मिरास आहे. ज्याचा हात पूर्वी लागलेला नाही, त्याने हात न लावणे हा संयम. ज्याचा हात लागून मोडतोड झाली आहे, त्याने तोच शब्द उच्चारणे ही पळवाट. आदामाला बागेत ठेवले ते राखणदार म्हणून, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. राखणदार मालक नसतो हे खरे, पण आपल्याच विडीने गवत पेटल्यावर डोळे मिटून घेणाराही राखणदार नसतो.

तरीही माझ्या पहिल्या मतातील भीती खोटी नव्हती, असे मला आजही वाटते. दुरुस्तीच्या नावाखाली आपण आपली हौस भागवीत नाही ना, हे तपासले पाहिजे. त्या पहिल्या रात्री लांडग्याची आरोळी ऐकू आली नाही म्हणून मी हळहळलो. त्या हळहळीत लांडग्यांची काळजी किती होती आणि हजारो मैलांवरून आलेल्या प्रवाशाची निराशा किती होती? आरोळी ऐकू यावी म्हणून लांडगे आणायचे असतील, तर तो १९५२ चाच प्रयोग झाला. प्राणिसंग्रहालय जरा मोठे, इतकेच. म्हणून मी स्वतःपुरती एक कसोटी ठरवली. आपण ज्याची भरपाई करीत आहोत ते खरोखर आपण मोडले होते काय? बर्फाचा पूल बंद पडला, त्यात आपला वाटा आहे. तेव्हा त्या पुलावरून कधीतरी जे आले असते, तेवढेच आपण आणावे. त्याहून जास्त नको.

आणि ‘शंभर वर्षांपूर्वी लांडगे कोठे होते’ या माझ्याच प्रश्नालाही मग उत्तर मिळाले. प्रश्न कोणत्या सालाचा निसर्ग परत आणायचा हा नाहीच. ज्या वाटेने प्राणी येत-जात होते, ती वाट आपण बंद केली. वाट अडवणाऱ्याने निदान फाटक उघडून द्यावे. पुढे कोण येईल, कोण टिकेल, हे त्याने ठरवू नये.

२०१८ साली निर्णय झाला: तीन ते पाच वर्षांत वीस ते तीस लांडगे आणायचे. त्या वर्षीच्या शरद ऋतूत मिनेसोटातून पहिले चार आणण्यात आले. पकडलेल्यांपैकी एक मादी बेटावर पोहोचण्यापूर्वीच दगावली. आणलेल्या चारांतील एक नर काही आठवड्यांत मेला. २०१९ च्या हिवाळ्यात कॅनडातून अकरा आणि सप्टेंबरात मिशिगनमधून चार आले. एकूण एकोणीस. जुन्या जोडीतील नर, जो या बेटावरच जन्मला होता, २०१९ सालीच नव्या लांडग्यांशी झालेल्या झटापटीत मेला. त्याच्या वंशाचा अंत टाळण्यासाठी हे सारे झाले नव्हते, हे खरे. तरी त्याला कोणी विचारले नव्हते, हेही खरे. हा हिशेब लपवून ठेवता कामा नये. चांगल्या कामाची किंमत बहुधा दुसराच कोणी मोजतो. म्हणून ते काम करू नये असे नव्हे, पण ते मान खाली घालून करावे.

कॅनडातून आलेल्यांपैकी बहुतेक मिशिपिकोटन या त्याच सरोवरातील दुसऱ्या बेटावरचे होते. तेथील गोष्ट नेमकी उलटी आहे. २०१४ साली बर्फावरून लांडगे तेथे गेले आणि त्यांनी कॅरिबूंचा जवळजवळ फन्ना उडवला. उरलेले कॅरिबू माणसांनी उचलून दुसऱ्या बेटांवर नेले आणि मागे राहिलेले लांडगे उपाशी मरू लागले. तेथे जो प्राणी अरिष्ट होता, तोच येथे हवाहवासा झाला. तोच प्राणी, तेच दात. तेव्हा अमुक जीव चांगला आणि तमुक वाईट हा निवाडा किती उथळ आहे! आणि एका ठिकाणचे उत्तर दुसऱ्या ठिकाणी जसेच्या तसे लावू पाहणाऱ्याने किती जपून असावे!

पण या सगळ्या वृत्तान्तात मला सर्वांत मोलाची वाटते ती पहिल्या चारांतील एका मादीची हकिकत. २०१९ च्या जानेवारीअखेर कडाक्याची थंडी पडली, सरोवर गोठले आणि बर्फाचा पूल झाला. गळ्यातील पट्ट्याच्या संदेशांवरून कळले की ३१ जानेवारीला ती त्या पुलावरून चालत निघाली आणि आपल्या मूळ मुलखात परत गेली. इतका खर्च, इतकी मेहनत, इतके वादविवाद. आणि ती निघून गेली! तिला परत आणण्याचा खटाटोप कोणी केला नाही. मला वाटते, या साऱ्या उपक्रमाचा नैतिक कस तेथे लागला आणि तो उतरला. आम्ही तुला आणले, आता तू येथेच राहिले पाहिजेस, असे जर माणसांनी म्हटले असते, तर ती दुरुस्ती न राहता मालकी झाली असती. उपकार करणाऱ्याने नकार पचवला पाहिजे. आपल्या मुलांच्या, म्हाताऱ्या आईबापांच्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बाबतीतही आपण येथेच चुकतो. मदतीचा हात पुढे करणे आपल्याला जमते, तो वेळीच मागे घेणे जमत नाही.

पुढील वर्षांत बेटावर पिले जन्मली. २०२४ च्या गणनेत सुमारे तीस लांडगे आणि आठशे चाळीस मूस असल्याचा अंदाज निघाला. हे यश म्हणावे काय? संशोधक असा निकाल घाईने देत नाहीत. साठ वर्षांहून अधिक काळ मोजून त्यांना जे उमगले ते हेच की दर काही वर्षांनी हे बेट सगळ्यांचे अंदाज चुकवते. बर्फाचा पूल पुढेही क्वचितच होईल. तेव्हा काही दशकांनी हाच प्रश्न पुन्हा उभा राहणार. आणि प्रत्येक मूसला लांडग्याच्या दातांनी मरावे की १९९६ सारखे उपाशी मरावे, यातले दयाळू कोणते, याचे उत्तर माझ्यापाशी नाही. अरण्यात दुःखाचा निचरा करायला आपण गेलेलो नाही. आपण वाढवलेले दुःख कमी करणे, एवढीच आपली पायरी आहे.

निघण्याच्या सकाळी आम्ही तंबू उतरवला. सांडलेले तांदळाचे दाणे वेचले, दोरीचा तुकडा खिशात टाकला. तंबूच्या कडेला चार दिवसांत गवत चेपून पिवळे पडले होते. मी वाकून ते बोटांनी उभे करू लागलो.

“मामा, राहू द्या,” भाचा म्हणाला. “ते आपोआप उठेल.”

मी हात मागे घेतला. ते गवत खरोखरच आपोआप उठणार होते. खाणीची विहीर आपोआप बुजत नाही, आणि वितळलेला बर्फ आपल्या इच्छेने गोठत नाही. काय आपोआप उठते आणि कशाला हात द्यावा लागतो, हे ओळखता आले तर माणूस कोणत्याही घरी पाहुणा म्हणून शोभेल. बोटीचा भोंगा वाजला. आम्ही पिशव्या पाठीवर घेतल्या आणि धक्क्याकडे चालू लागलो.